तिसरी खोली, बीड बायपास आणि उन्हाळ्यातले पाणी

वाचकाचे पत्र : आम्ही छत्रपती संभाजीनगरात गारखेडा परिसरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. माझे पती वाळूजच्या एका कंपनीत आहेत आणि त्यांना तिन्ही पाळ्या असतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असून माझी शाळा करमाडच्या पुढे आहे. मुलगी दुसरीत आहे आणि दुसरे बाळ माघ महिन्यात अपेक्षित आहे. सासू-सासरे अंबड तालुक्यात गावी असतात, परंतु बाळंतपणानंतर ते आमच्याकडे येऊन राहणार आहेत. सासऱ्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. पतींनी वाळूज महानगरात चौथ्या मजल्यावरचा, बांधकाम चालू असलेला तीन बेडरूमचा फ्लॅट 46 लाखांना पाहिला आहे. सासरे म्हणतात की गावची दोन एकर जमीन विकून जटवाडा रस्त्याला तीन गुंठ्यांचा प्लॉट घ्यावा आणि सावकाश बांधावे. मला देवळाईतले दोन बेडरूमचे रो हाऊस आवडले आहे. त्याची किंमत 42 लाख आहे, पण सहा माणसांना ते अपुरे पडेल असे सगळे म्हणतात. दसऱ्याला इसार द्यायचा आहे. घर कोणत्या भागात घ्यावे आणि किती मोठे घ्यावे?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरातील तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त आहे. यजमानांना कंपनी जवळ हवी आहे, सासऱ्यांना हक्काची जमीन हवी आहे आणि तुम्हाला गारखेड्याशी जुळलेली घडी मोडू द्यायची नाही. मात्र रोज करमाडला जाणाऱ्या, परत आल्यावर पाणी भरणाऱ्या, मुलीचा अभ्यास घेणाऱ्या आणि काही महिन्यांनी तान्हे मूल सांभाळणाऱ्या व्यक्तीचा दिवस या तीन घरांत कसा जाईल, याबद्दल पत्रात कोणीच काही म्हटलेले नाही, अगदी तुम्हीसुद्धा नाही. मी उत्तराची सुरुवात तेथूनच करणार आहे. माझे मत आधीच सांगते. भाग म्हणून बीड बायपासलगतचा सातारा-देवळाईचा पट्टा निवडावा. घर असे असावे की ज्याच्या तळमजल्यावर झोपण्याची एक खोली आणि तिच्याजवळ शौचालय असेल. आणि दसऱ्याला इसार देण्याऐवजी आधी त्याच भागात भाड्याने राहून एक उन्हाळा काढावा.

तुमच्या दोघांच्या नोकऱ्या शहराच्या दोन टोकांना आहेत. वाळूज पश्चिमेला नगर रस्त्यावर आणि करमाड पूर्वेला जालना रस्त्यावर. वाळूज महानगरात राहायला गेल्यास तुम्हाला नगर नाका, मग जालना रोडवरचे सगळे चौक, मग चिकलठाणा आणि शेंद्रा असे अख्खे शहर आडवे कापून शाळेत जावे लागेल. एका बाजूने तास-सव्वा तास गृहीत धरा, आणि तोही पावसाळा किंवा वाहतूक कोंडी नसताना. यजमानांचा वाचणारा वेळ खरा आहे, पण वाळूजच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या बसगाड्या कामगारांना शहरातून नेतात-आणतात, तशी बस जिल्हा परिषदेची शाळा देत नाही. शिक्षिकांनी मिळून ठरवलेली गाडी ही तुमची बस, आणि ती वाळूजला तुम्हाला घ्यायला येणार नाही. यजमानांच्या कंपनीची बस बायपासवर कोठे थांबते याची चौकशी त्यांनी अवश्य करावी.

बीड बायपास मात्र दोघांच्याही उपयोगाचा आहे. देवळाई चौकातून पश्चिमेला गेले की महानुभाव आश्रम चौक आणि पुढे पैठण रस्त्यावरून लिंक रोडने वाळूज गाठता येते. पूर्वेला गेले की झाल्टा फाट्याकडून केंब्रिज चौकात, म्हणजे जालना रस्त्यावर येता येते. दोघांपैकी कोणालाही भर शहरात शिरावे लागत नाही. जड वाहनांची वर्दळ या रस्त्यावर आहे, आणि दुचाकीवरून तो ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून घर पाहताना ते चौकापासून किती आत आहे आणि मुलीला शाळेसाठी बायपास ओलांडावा लागेल का, हे पाहायला हवे. मुलीची सध्याची शाळा गारखेड्यात असेल तर शिवाजीनगरच्या बाजूने रेल्वेरूळ पार करून ती शाळा चालू ठेवता येईल, आणि ज्या वर्षी घरात धाकटे भावंड येते त्या वर्षी मोठ्या मुलाची शाळा बदलू नये असे मला मनापासून वाटते.

नोकरीच्या ठिकाणाजवळ घर घ्यावे, हा सल्ला तुम्हाला अनेकांनी दिला असेल. तुमच्या बाबतीत तो लागू पडत नाही, कारण जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात. आज करमाडच्या पुढे असलेली शाळा चार-पाच वर्षांनी पैठण किंवा गंगापूर तालुक्यात असू शकते. यजमानांनाही उद्या शेंद्र्याला किंवा बिडकीनला चांगली नोकरी मिळू शकते, कारण ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीमुळे उद्योगांचा ओढा आता त्या दोन्ही बाजूंना आहे. म्हणून घर एखाद्या नोकरीच्या दाराशी घेण्यापेक्षा जिथून चारही दिशांना निघता येते अशा रस्त्यालगत घ्यावे. याच कारणाने मी करमाड, शेंद्रा आणि बिडकीन येथील स्वस्त घरांचा तुमच्यासाठी विचार केला नाही. तेथे गुंतवणूक करणाऱ्यांचे गणित वेगळे असते आणि तेथे राहून बालरोगतज्ज्ञाकडे रात्री दहाला मूल घेऊन जाणाऱ्या आईचे गणित वेगळे असते.

आता पाण्याविषयी, आणि येथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण मराठवाड्यात घराचा भाग निवडताना सर्वाधिक वजन याच गोष्टीला द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. आपल्या शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते. 700 आणि 1400 मिलीमीटर व्यासाच्या जुन्या वाहिन्यांवर वाढत्या शहराचा भार पडल्यामुळे अनेक वसाहतींनी आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळावर वर्षानुवर्षे संसार केला आहे. 1680 कोटींची म्हणून सुरू झालेली आणि पुढे 2740 कोटींवर गेलेली नवी योजना 2500 मिलीमीटरच्या वाहिनीची आहे आणि तिच्याकडून सर्वांना आशा आहे. परंतु धरणातून पाणी शहरात पोहोचणे आणि ते तुमच्या गल्लीतल्या नळाला येणे यांत जलकुंभ, वितरण वाहिन्या आणि जोडण्या असे बरेच टप्पे असतात. घर विकणारा नव्या योजनेचे नाव घेईल. तुम्ही त्या गल्लीत आज नळ आहे का, असल्यास तो किती दिवसांनी येतो आणि किती वेळ चालतो, एवढेच विचारा.

या बाबतीत वाळूजची बाजू देवळाईपेक्षा वरचढ आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. बजाजनगर आणि सिडकोच्या वाळूज महानगराला एमआयडीसीच्या पाणीयोजनेचा आधार आहे. सातारा-देवळाई हा भाग आधी ग्रामपंचायतीत होता, मग काही काळ नगरपरिषद झाली आणि त्यानंतर तो महानगरपालिकेत आला. वस्ती आधी वाढली आणि सोयी मागून येत राहिल्या. तेथील बऱ्याच वसाहती अनेक वर्षे कूपनलिका आणि टँकर यांवर चालल्या आहेत. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी फक्त भेगांमध्ये धरतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या बोअरला भरपूर पाणी आणि आपल्या बोअरमधून नुसता फुफाटा, असे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना घडू शकते. तुम्ही रो हाऊस श्रावणात पाहिलेत. श्रावणात मोटार सुरू करून धो-धो पाणी दाखवणे अवघड नसते.

म्हणून एका कामाच्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला त्या गल्लीत जाऊन उभ्या राहा. दारांसमोर निळे ड्रम ओळीने ठेवलेले आहेत का, त्यांची झाकणे रोज उघडल्यासारखी स्वच्छ आहेत की धुळीने माखलेली आहेत, फाटकाच्या कडेला टँकरचा पाइप टेकून सिमेंट खरवडले गेले आहे का, हे पाहिले की त्या गल्लीचा उन्हाळा तुमच्या लक्षात येईल. मग चौथ्या-पाचव्या घरातल्या एखाद्या बाईंना विचारा की मागच्या मे महिन्यात टँकर किती वेळा बोलवावा लागला. दलालापेक्षा त्या बाईंचे उत्तर विश्वासाचे असेल.

साठवणुकीचा हिशेब साधा आहे. नागरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई रोज 135 लिटर हे प्रमाण धरतात. सहा माणसांना रोज 810 लिटर आणि आठ दिवसांना जवळपास साडेसहा हजार लिटर लागतील. त्यात तान्ह्या बाळाचे धुणे आणि गावाकडून आलेले पाहुणे धरले तर जमिनीखालचा हौद दहा हजार लिटरचा हवा. म्हणजे आतून 8 फूट लांब, 8 फूट रुंद आणि साडेपाच फूट खोल. बांधलेल्या घरात विकणारा जो हौद दाखवेल त्याचे माप स्वतः टेपने घ्या. छताचे पाणीही सोडू नका. संभाजीनगरात सरासरी वर्षाला साधारण 700 मिलीमीटर पाऊस पडतो; 600 चौरस फुटांच्या गच्चीवरून, वाया जाणारे वजा करून, तीसेक हजार लिटर पाणी मिळते. ते गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडले तर त्याचा लाभ आपल्या आणि शेजारच्या बोअरला होण्याची शक्यता वाढते. ही व्यवस्था घर विकत घेतानाच करवून घ्यावी, कारण फरशी बसल्यावर ती फोडायला कोणीच धजावत नाही.

देवळाईच्या ज्या गल्लीत नळ नाही, बोअर एकच आहे आणि हौद तीन हजारांचा आहे, तेथील घर कितीही आवडले तरी सोडून द्या. त्याच पट्ट्यात पाणी असलेल्या गल्ल्याही आहेत. भाग मी सुचवला आहे, ते एक घर नव्हे.

आता घर किती मोठे हवे, याकडे येते. तीन बेडरूम की दोन, हा प्रश्न जाहिरातींनी आपल्या तोंडी घातला आहे. तुमच्या घरात खरोखर कोण कोण राहणार आहे ते पाहू. तुम्ही दोघे, दोन मुले, सासू-सासरे हे झाले नेहमीचे. त्याशिवाय गावाकडचे कोणीतरी घाटीत, म्हणजे सरकारी रुग्णालयात, दाखवायला येईल आणि दोन रात्री राहील. दिराचा किंवा नणंदेचा मुलगा बारावीनंतर अभ्यासाला येईल आणि दोन वर्षे राहील. अंबडहून सुगी झाली की ज्वारी, गहू आणि तुरीची पोती येतील. मराठवाड्यात शहरातले घर हे गावाचेही घर असते, आणि तसे ते असावे असेच मला वाटते. अशा घराला चौथ्या मजल्यावरच्या, प्रत्येकी 10 बाय 10 फुटांच्या तीन बंद खोल्यांचा उपयोग कमी होतो. 100 चौरस फुटांच्या खोलीत 6 बाय साडेसहाचा पलंग 39 चौरस फूट घेतो, 4 फुटी कपाट आणखी 8 घेते. दार उघडायची जागा सोडली की पाळणा कोठे ठेवायचा, असा प्रश्न उभा राहतो. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. लिफ्ट बंद पडेल किंवा वीज जाईल त्या दिवशी ते घरात अडकून पडतील, आणि ज्या माणसाने आयुष्यभर पहाटे उठून शेत गाठले त्याला चौथ्या मजल्यावरची बाल्कनी फार दिवस पुरणार नाही.

रो हाऊस पाहताना तळमजल्यावर काय आहे ते पाहा. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, एक झोपण्याची खोली आणि तिच्या दाराशी शौचालय, एवढे खाली असेल तर वर एकच बेडरूम असली तरी तुमची पाच-सहा वर्षे नीट निघतील. सासू-सासरे खाली, तुम्ही आणि मुले वर, पाहुणा बैठकीत. शौचालयाचे दार किमान अडीच फूट रुंद असावे, कमोड असावा, आत धरायला भिंतीत पक्की दांडी बसवता यावी आणि उंबरठ्याला ठेच लागू नये. अनेक रो हाऊसमध्ये तळमजल्यावर जिन्याखाली नावापुरते शौचालय असते, ज्यात ताठ उभेही राहता येत नाही. तसे असेल तर त्या घराला तळमजल्यावर शौचालय नाही असेच समजावे. पोत्यांसाठी जिन्याखालची कोरडी जागा आणि दोन दुचाक्यांसाठी फाटकाच्या आतली जागा मोजून घ्या. गच्ची तुमचीच असेल, त्यामुळे चैत्रात कुरडया, पापड घालायला सासूबाईंना कोणाची परवानगी काढावी लागणार नाही.

तिसरी खोली मात्र लागणार आहे, घरचे लोक त्याबाबत चुकीचे सांगत नाहीत. मुलगी तेरा-चौदा वर्षांची होईल तेव्हा तिला दार लावून बसता येईल अशी जागा हवी. ती गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर वाढवता येते का, हे आजच लेखी विचारा. मंजूर नकाशात वरचे बांधकाम दाखवलेले आहे का, पाया आणि खांब तेवढ्या भारासाठी काढलेले आहेत का, हे एखाद्या स्थापत्य अभियंत्याला फी देऊन तपासून घ्यावे. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सळया वर सोडलेल्या असतील तर त्या नुसत्या गंजत ठेवलेल्या आहेत की त्यांच्यावर सिमेंटचा लेप दिलेला आहे, हे पाहा. बांधणाऱ्याची वृत्ती त्यावरून कळते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चढत गेलेली भेग दिसली तर पायाखाली काळी माती आहे का ते विचारा, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर वरवर भरलेल्या पायाचे घर सारखे हलत राहते.

कागदपत्रांबाबत सातारा-देवळाईत इतर भागांपेक्षा जास्त सावध राहावे लागते. तेथे मंजूर रेखांकनातील अकृषिक भूखंडही आहेत आणि गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेलेही आहेत. गुंठेवारीच्या 2001 च्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची सोय झाली आहे. तुमचे घर त्यातले असेल तर महानगरपालिकेचा नियमितीकरणाचा दाखला विकणाऱ्याच्या हातात असायला हवा, तो 'काढून देतो' हे शब्द चालणार नाहीत. ग्रामपंचायतीच्या काळातील परवानगीवर उभे असलेले घर असेल तर ती परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला होता का, हे वकिलाकडून समजून घ्यावे. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि मागील तीस वर्षांचा शोध अहवाल पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. बँक कर्ज देते म्हणजे कागद स्वच्छ आहेत, असे समजून अनेक जण निर्धास्त होतात. बँकेचा वकील बँकेचे हित पाहतो, तुमचा वकील वेगळा हवा.

प्रकल्प रेरात, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला आहे का, हेही पाहा. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा आठपर्यंत घरांचा प्रकल्प असेल तर नोंदणीची सक्ती नसते, त्यामुळे सहा-आठ रो हाऊसची रांग बांधणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक नसू शकतो. अशा वेळी तुमची भिस्त सर्वस्वी कागदांवर आणि तयार बांधकामावर राहते, म्हणून तेथे अर्धवट घर घेऊ नये. नोंदणी असलेल्या प्रकल्पात साठेखत नोंदवण्याआधी बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेत दोष निघाला तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. क्षेत्रफळ नेहमी चटई क्षेत्रात, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेत, विचारा. वाळूजच्या फ्लॅटच्या माहितीपत्रकात जे मोठे आकडे आहेत त्यांत जिना, लिफ्ट आणि मार्गिकेचाही हिस्सा असण्याची शक्यता आहे.

पैशांचे थोडक्यात सांगते. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो; किंमत 45 लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र 90 चौरस मीटरपर्यंत असेल तर आपल्या शहरात तो 1 टक्का, त्यापुढे 5 टक्के. यजमानांचा फ्लॅट 46 लाखांचा आहे, म्हणजे केवळ एका लाखासाठी 2,30,000 रुपये कर भरावा लागेल. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर हा कर नाही. दोन घरांतील फरक त्यामुळे चार लाखांवरून सहा लाखांच्या पुढे जातो, आणि साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जाला दर लाखामागे महिना सुमारे 870 रुपये हप्ता पडतो, म्हणजे महिन्याला पाच हजारांहून अधिक. एवढ्या पैशांत मेमधले टँकर येतील आणि तिसऱ्या खोलीसाठी बाजूलाही पडेल. खरेदीखत केवळ तुमच्या नावावर केले तर महाराष्ट्रात स्त्री खरेदीदाराला घराच्या मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 42 लाखांवर ती 42,000 रुपये होते. यजमान मालक नसतानाही सहकर्जदार होऊ शकतात. घरात याविषयी मोकळेपणाने बोला, आणि सवलतीचा आकडा समोर ठेवून बोला.

सासऱ्यांच्या प्रस्तावाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. जटवाडा रस्त्याच्या तीन गुंठ्यांचे, म्हणजे 3,267 चौरस फुटांचे आकर्षण मी समजू शकते. परंतु शेतजमिनीचे गुंठ्यांनी पाडलेले तुकडे बाँडपेपरवर विकण्याचा प्रकार आपल्या शहराच्या चहूबाजूंनी चालतो आणि बाँडवरच्या लिखापढीने मालकी मिळत नाही. नोंदणीकृत खरेदीखत आणि मंजूर रेखांकन नसेल तर तो प्लॉट घेऊ नये. समजा कागद स्वच्छ निघाले, तरी दोन एकर विकल्यावर बांधकामाला पैसा कोठून येणार आहे? तोपर्यंत भाडे चालूच राहील. जमीन वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीनुसार मुलींचाही त्यात मुलांइतकाच हक्क आहे, म्हणजे तुमच्या नणंदांची संमती लागेल, आणि ती नुसती सही म्हणून मागू नये. माझे स्वतःचे मत असे आहे की ती जमीन विकू नये. सासरे तुमच्याकडे येऊन राहतील तेव्हा गावी आपले शेत आहे, ही भावना त्यांना शहरातल्या घरात ताठ मानेने वावरू देईल. जमीन विकून आलेले वडील मुलाच्या घरात पाहुण्यासारखे बसून राहतात, हे मी जवळच्या घरांत पाहिले आहे. हे तुम्ही सुनेच्या नात्याने त्यांना सांगण्यापेक्षा यजमानांनी वडिलांना सांगणे बरे.

शेवटी वेळेचा प्रश्न. तुमचे बाळ माघात येईल. तुम्हाला 180 दिवसांची प्रसूती रजा मिळेल, म्हणजे फाल्गुनापासून आषाढापर्यंतचा सगळा उन्हाळा तुम्ही घरी असाल. अशी संधी घर घेणाऱ्या नोकरदार बाईला सहसा मिळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत देवळाई किंवा सातारा परिसरात, खंडोबाच्या मंदिराच्या बाजूलाही चालेल, तळमजल्यावरचे दोन बेडरूमचे घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घ्या. तुमच्या शाळेची गाडी बायपासने येईल की तुम्हाला केंब्रिज चौकापर्यंत जावे लागेल, हे दिवाळी ते माघ या काळात कळेल. सासू-सासऱ्यांना तेथे करमते का, यजमानांचे रात्रपाळीनंतरचे येणे कसे होते, मुलीची रिक्षा वेळेवर येते का, आणि मेमध्ये कोणत्या गल्लीत टँकर फिरतो व कोणत्या गल्लीत फिरत नाही, हे सगळे तुम्हाला दारात बसून दिसेल. भाड्यापोटी वर्षाला जी रक्कम जाईल ती वाया गेली असे घरात कोणी म्हटले, तर 42 लाखांच्या चुकीच्या घरातून बाहेर पडण्याचा खर्च किती असतो याची आठवण करून द्या.

आता आवडलेले रो हाऊस तोपर्यंत राहील का, ही शंका तुमच्या मनात येईल. कदाचित राहणार नाही. विकणारा दसऱ्याच्या मुहूर्ताचा आग्रह धरेल आणि दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याचे सांगेल. त्याला नम्रपणे सांगा की कागद वकिलाकडे दिल्याशिवाय आम्ही इसार देत नाही. त्या पट्ट्यात रो हाऊसची बांधकामे सतत चालू असतात, आणि पुढच्या आषाढापर्यंत कोणत्या गल्लीत घर घ्यायचे हे तुम्हाला कोणत्याही दलालापेक्षा चांगले समजलेले असेल. भाड्याचे घर मात्र आजपासूनच पाहायला लागा, कारण तळमजल्यावरचे, पुरेसा हौद असलेले आणि खाली धड शौचालय असलेले घर दिवाळीच्या तोंडावर मिळणे कठीण असते. मिळाले की भाडे ठरवण्याआधी घरमालकांना मागच्या मे महिन्यातल्या पाण्याविषयी विचारा, आणि करारात टँकरचा खर्च कोणाकडे हेही लिहून घ्या.